पावती क्र. १३०१ ते १३४२

उचगाव, कोल्हापूर
सोमवार, दि. ६ ऑक्टोबर २०२५
सकाळी ७ वाजून ४० मिनिटे

तीर्थस्वरूप गुंडूमामांस,
ऋतुराजचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

हे पत्र लिहायला घेतले तेव्हा मी पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती तिसऱ्यांदा मोजत होतो. तिन्ही वेळा बेचाळीसच भरल्या. आज कारखान्याला सुट्टी आहे. आईने ठेवलेला चहा गार झाला आणि त्यावर साय आली, तेव्हा ती म्हणाली की मोजून कमी व्हायच्या असत्या तर एव्हाना झाल्या असत्या, आता मामालाच लिही. फोनचा उपयोग नाही. पंपहाऊसने तुमचे कान नेले आणि तुम्ही दोन्ही वेळा कोण बोलतंय, कोण बोलतंय म्हणून ठेवून दिलात.

झाले ते क्रमाने लिहितो. आमच्या फाउंड्रीत कायम कामगार शहात्तर. मी त्यांतला, वजनकाट्यावर. ठेकेदाराची माणसे बेचाळीस. आपला आदर्श त्यांत. भट्टीतून निघालेल्या कास्टिंगच्या कडा तो ग्राइंडरने घासतो. एकाच घरातून एकाच मोटरसायकलवर आम्ही दोघे भाऊ जातो, पण गेटावर त्याचे कार्ड पिवळे आणि माझे निळे. संघटना निळ्या कार्डांची आहे. माझे अक्षर बरे आणि शुद्धलेखन चुकत नाही, म्हणून जूनमध्ये मला खजिनदार केले. बारावीला इंग्रजी राहिले हे कोणी विचारले नाही.

दरवर्षी खंडेनवमीला संघटना प्रत्येक सभासदाला एक नारळ देते आणि जो तो आपापल्या मशीनवर फोडतो. पिवळ्या कार्डांची माणसे मागे हात जोडून उभी राहतात. यंदा आदर्श मला म्हणाला की दादा, ग्राइंडर वर्षभर आम्हीच चालवतो आणि नारळ त्याच्यावर दुसराच फोडतो, हे बरं दिसत न्हाय. आम्ही आमचे पैसे देतो, तेवढे आमचेही नारळ आण. नारळ बत्तीस रुपयांचा, कापूर-उदबत्ती धरून माणशी चाळीस. बेचाळीस जणांनी दिले.

आता माझी चूक. पावतीशिवाय कोणाचा पैसा घ्यायचा नाही, हे तुम्ही मला लहानपणी गणपतीच्या वर्गणीच्या वेळी शिकवले आहे. माझ्याजवळ एकच पुस्तक होते, संघटनेचे. त्यावर आधीच छापलेले असते की अमुक अमुक हे संघटनेचे सभासद असून त्यांच्याकडून वर्गणी मिळाली. मासिक वर्गणीही चाळीसच आहे. छापील मजकूर खोडावा असे एकदा मनात आले, पण क्रमांक घातलेल्या पावतीवर खाडाखोड करणे मला जमले नाही. मी बेचाळीस पावत्या सहीनिशी दिल्या. क्रमांक १३०१ ते १३४२.

नवमीला एकशे अठरा नारळ फुटले. छान झाले. आदर्शने खोबरे आणले, त्याच्या अनुजाने चटणी केली. तिला सातवा महिना आहे.

दुसऱ्या दिवशी दसरा झाला आणि तिसऱ्या दिवशी अध्यक्ष अमरसिंह यांनी नव्या वेतनकराराचा मसुदा माझ्याकडे स्वच्छ लिहायला दिला. कायम कामगारांना तीन वर्षांसाठी महिना साडेचार हजार वाढ. वाचून हरखलो. मग अकरावे कलम लिहिताना पेन थांबले. कंत्राटी माणसे कमी करायला संघटनेची हरकत राहणार नाही, असे त्यात आहे. विचारले तर अमरसिंह म्हणाले की मालक वाढ खिशातून देत नसतो. दोन ग्राइंडिंग मशिनी येणार, बेचाळीस जाणार, त्यांतून आपले साडेचार निघणार. मी म्हणालो की ते तर आता सभासद आहेत. ते हसले. मी पुस्तक दाखवले. मग ते हसले नाहीत.

त्यांचे म्हणणे की पावत्या परत गोळा कर, स्थळप्रतींवर रद्द असा शिक्का मार. सर्वसाधारण सभा शनिवारी, २५ तारखेला आहे. मामा, मी काय करू? तुम्ही अकरा वर्षे कामगार संघटनेचे खजिनदार होता. सविस्तर लिहा.

मामींच्या फोटोला माझा नमस्कार. माझ्यावर रागावलात तरी लोभ कमी करू नका.

आपला,
ऋतुराज


गारगोटी
दि. १० ऑक्टोबर २०२५

चिरंजीव ऋतुराज यास,
गुंडूमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पूर्णविराम असे देतोस की खिळे ठोकल्यासारखे वाटतात. आमच्या ऑफिसात तुझ्यासारखा एक कारकून असता तर निम्मी नगरपालिका तुरुंगात गेली असती.

मी खुशाल आहे. दूध बयाबाई घालते. लिटरभर दूध ओतते आणि रोजच्या रोज कॅलेंडरवर त्या तारखेला माझी सही घेते. एवढा अविश्वास माझ्यावर बँकेनंही दाखवला नाही. मी पत्र वाचत होतो तेव्हा ती ओसरीवरच होती. मला माझा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळं मी मनात वाचतो असं मला वाटतं आणि गल्लीला सगळं कळतं. तिनं सगळं ऐकलं. ती म्हणाली की भाचा बरा हाय, निदान लिहून तरी देतोय. आणि कॅन उचलून गेली.

आता कामाचं. तुझं आणि माझं गणित वेगळं आहे, हे आधी समजून घे. आम्ही शहाण्णव साली नऊ दिवस पंप बंद ठेवले. चौथ्या दिवशी गावात टँकरवर मारामारी झाली, सातव्या दिवशी नगराध्यक्ष स्वतः पंपहाऊसवर आले आणि नवव्या दिवशी पगाराच्या फरकासकट सगळं मिळालं. आज मी जी पेन्शन खातो ती त्या नऊ दिवसांची. का मिळालं? कारण नगरपालिकेला गाव उचलून दुसरीकडं नेता येत नाही. पाणी आमच्याच हातात होतं. तुझा मालक मात्र साचे, भट्टी ट्रकमध्ये घालून सीमेपलीकडं नेऊ शकतो. तिथं वीज स्वस्त, माणूसही स्वस्त. म्हणून खासगीत ताणायचं, पण तुटेपर्यंत नाही.

आमचं तरी फुकट मिळालं असं नाही. त्याच वर्षी पाणीपट्टी वाढली, म्हणजे आमचा फरक गावानं घागरीमागं भरला. आणि नवी भरती बंद झाली ती झालीच. मी निवृत्त झालो त्या जागेवर आज ठेकेदाराचा पोरगा पंप चालवतो. माझ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शात. हे मला कुणी सांगितलं नाही, मी बघून आलो.

तेव्हा माझा सल्ला असा. अमरसिंह म्हणतो ते ऐक. पावत्या रद्द कर. तू सहा वर्षांचा कायम कामगार आहेस. घरात एक पगार तरी पक्का पाहिजे. हातकणंगल्याचं स्थळ करार झाल्यावर बघू म्हणतंय, म्हणजे तुझं लग्न कलम अकरावर अडलंय म्हण. आदर्शला कुठंही ग्राइंडर मिळेल, तरणा आहे. संघटनेशी वाकडं घेतलेला माणूस मालकालाही नको असतो आणि कामगारालाही.

अनुजाला जपायला सांग. आईला माझा आशीर्वाद. पत्राला उशीर केलास तर मी तालीम सोडून आलेल्या पैलवानासारखा दारात येऊन बसेन.

तुझा,
गुंडूमामा


उचगाव
सोमवार, दि. १३ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप मामांस,
ऋतुराजचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचे पत्र शनिवारी मिळाले. दोन वेळा वाचले आणि मन हलके झाले. तुम्हीच सांगितले म्हटल्यावर मी रद्दचा शिक्का बनवायला टाकला. एकशे ऐंशी रुपये. उद्या मिळेल.

पण शिक्क्याने अर्धेच काम होते. दिलेल्या पावत्या परत घ्याव्या लागतील, म्हणून आदर्शपासून सुरुवात केली. त्याला म्हणालो की ती पावती दे, चुकीची आहे. त्याने विचारले की चाळीस रुपये चुकीचे होते का. मी म्हणालो, नाही. नारळ चुकीचा होता का? नाही. सही तुझी नव्हती का? माझीच होती. मग चूक कुठली ते सांग, असे म्हणून तो जेवायला बसला. पावती अनुजाने दवाखान्याच्या फाइलमध्ये, सोनोग्राफीच्या मागे ठेवली आहे. तिने काढून दिली नाही. ती म्हणाली की भावोजी, यांच्या नावावर आजवर कारखान्याचा एवढाच कागद आहे, पगाराची चिठ्ठीसुद्धा ठेकेदार देत नाही.

मी तरी काय करू मामा? कलम अकरा काढले तर साडेचार हजार मिळणार नाहीत आणि शहात्तर लोक मला विचारतील. मालकांचे चिरंजीव पृथ्वीराज यांनी मला बोलावून त्यांचा तक्ता दाखवला. माणूस वाईट नाही, आवाजही चढवत नाहीत. कास्टिंगचा किलोमागे दर गाडीवाली कंपनी ठरवते, तो तीन वर्षे वाढलेला नाही. ते म्हणाले की संघटनेला जे देतो ते मला कुठून तरी काढावे लागते, आणि ज्यांची संघटना नाही तिथूनच ते निघते; हा माझा दुष्टपणा नाही, वजाबाकी आहे. वजनकाट्यावर बसणाऱ्या माणसाला वजाबाकी पटते. मीही मान हलवली. बाहेर आल्यावर मात्र मला त्या मान हलवण्याची लाज वाटली.

एक गोष्ट विचारायची राहिली. शहाण्णवच्या संपात तुमच्याकडे रोजंदारीची माणसे होती का? तीही संपात होती का? फरक मिळाला तेव्हा त्यांना काय मिळाले? पत्रात तुम्ही तेवढे लिहिले नाही. तुम्ही ते कसे हाताळले हे कळले तर सभेत मला बोलायला आधार होईल.

हातकणंगल्याच्या मंडळींनी विचारणा केली आहे की वाढ नक्की किती. आईने साडेचार सांगितले. मी अडवले नाही.

तुमचा लोभ हाच माझा धीर आहे, तो राहू द्यावा.

आपला,
ऋतुराज


गारगोटी
दि. १७ ऑक्टोबर २०२५, वसुबारस

चिरंजीव ऋतुराज यास,
मामाचे आशीर्वाद.

शिक्का आणला असशील तर तसाच ठेव. मारू नकोस. मारला असशील तर कळव, मी स्वतः येतो.

तुझं पत्र काल आलं. मी वाचायला बसलो आणि बयाबाई दूध ओतत होती. तुझा प्रश्न, रोजंदारीची माणसे होती का, हा मी बहुतेक फारच मोठ्यानं वाचला. तिनं माप भांड्यावर तसंच धरलं. दूध सांडलं नाही. मी वर बघितलं तर ती माझ्या तोंडाकडं बघत होती, बहिऱ्याला कळावं म्हणून सावकाश बोलत होती. ती म्हणाली की पंपवालं, आता एवढं मोठ्यानं वाचता, मग तवा तोंड का उघडलं न्हाय?

ऋतुराज, ती माझी कोण हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या मामीलाही नाही. आता तुला लिहितो.

आमच्याकडं सतरा जण रोजंदारीवर होते. पाइपासाठी चर खणायचे, ब्लीचिंग पावडरची पोती टाकीवर चढवायचे. बयाबाई त्यांतली. नवरा नव्हता, पदरात एक मुलगी. हे सतरा जण आमच्याबरोबर नऊ दिवस पंपहाऊससमोर बसले. आमचा संपातला पगार बुडला तरी पुढं मिळणार होता, त्यांचा त्या दिवसाचा त्या दिवशीच बुडत होता. तरी बसले. नऊ दिवस सगळ्यांचा भात बयाबाईनं शिजवला.

ते वर्गणी द्यायचे. महिन्याला दोन रुपये. मी घ्यायचो. पावती द्यायचो नाही. ती मागायची, दर महिन्याला मागायची. मी म्हणायचो की तुझं नाव माझ्या मनात लिहिलंय. सव्वीस महिने मी असंच म्हटलं.

संप मिटला. समझोत्यात लिहिलं होतं की संघटनेच्या सभासदांवर कारवाई होणार नाही. साहेबानं सभासदांची यादी पावत्यांसकट मागितली. मी दिली. सतरा जण त्यात नव्हते. महिनाअखेर त्यांना कामावरून बंद केलं. आमचा फरक त्यातूनच थोडा निघाला, हे मला तेव्हाही समजत होतं. तुझ्या पृथ्वीराजची वजाबाकी आम्हीही केलेली आहे.

शेवटच्या दिवशी ती घरी आली. म्हणाली, एक पावती द्या, तारीख कुठलीबी घाला. मी म्हणालो, पुस्तक संपलं.

पुस्तक संपलं नव्हतं. अकरा कोऱ्या पावत्या होत्या. ते पुस्तक आजही माझ्या ट्रंकेत आहे.

ती मग मुलीला घेऊन माहेरी इथं गारगोटीला आली, म्हशी पाळल्या, मुलगी उजवली. मी निवृत्त होऊन आलो तर दुधाला तीच. बारा वर्षं दूध घालते. त्या गोष्टीचा एक शब्द काढला नाही. फक्त रोज सही घेते. मी तुझ्यापुढं तिची चेष्टा लिहिली.

तुला गणपतीच्या वर्गणीवेळी मी पावतीचं सांगितलं ते शहाणपण म्हणून नव्हतं. आणि मागच्या पत्रात जो सल्ला दिला तो माझा जुनाच स्वभाव बोलला. काय करायचं ते तू ठरव. सभेत माझं नाव घेतलंस तरी चालेल.

दिवाळीला फराळ पाठवू नकोस. अजून मामा म्हणत असशील तर उत्तर लिही.

गुंडू


उचगाव
सोमवार, दि. २७ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप मामांस,
ऋतुराजचा साष्टांग नमस्कार, पूर्वीइतकाच. वि. वि.

फराळ आईने पाठवलाच, मिळाला असेल. चकल्या अनुजाच्या आहेत, म्हणून कडक.

शनिवारी सभा झाली. तुमच्या पत्रानंतर मी आठ दिवस एक तक्ता करत होतो. भाषण मला येत नाही, तक्ता येतो. शहात्तर नावे डावीकडे लिहिली आणि बेचाळीस उजवीकडे, आणि कोण कोणाचा कोण ते विचारत फिरलो. कायम कामगारांपैकी एकोणतीस जणांचा मुलगा, भाऊ, पुतण्या किंवा मेहुणा पिवळ्या कार्डावर आहे. हे सगळ्यांना सुटे सुटे माहीत होते. एका कागदावर कोणी बघितले नव्हते.

सभेत अमरसिंह यांनी करार वाचला. कलम अकरा ते फार वेगाने वाचून गेले. मी उठलो. खुर्चीची पाठ धरली. पावत्यांचे क्रमांक सांगितले आणि म्हणालो की या मी दिल्या, पैसे घेऊन दिल्या, रद्द करणार नाही. गडबड झाली. भट्टीवरचा एक जण ओरडला की एका नारळात सभासद होता येतं व्हय, मग देवळाबाहेरचा नारळवाला अध्यक्षच झाला की! सगळे हसले. मलाही हसू आले आणि त्यामुळे भीती थोडी गेली. मग मी तक्ता वाचला. नाव, आणि समोर नाते. पंधराव्या नावापर्यंत हसणे थांबले होते.

तुमची गोष्टही सांगितली. नाव घेतले नाही. एका नगरपालिकेतला खजिनदार, एवढेच म्हणालो. नऊ दिवसांचा भात सांगितला आणि अकरा कोऱ्या पावत्या सांगितल्या. मागून कोणीतरी विचारले की ती बाई आता काय करती. मी म्हणालो, त्याच खजिनदाराला दूध घालते, आणि रोज सही घेते.

अमरसिंह यांचेही खोटे नाही. ते म्हणाले की बेचाळीस राहिले तर साडेचार विसरा, मी जादूगार न्हाय. आणि मतदान कायम कामगारांचेच घेईन, पावत्यांचा वाद मला नको. आदर्श आणि त्याचे लोक भिंतीला लागून उभे होते, त्यांनी हात खालीच ठेवले. सत्तर कायम हजर होते. कलम अकरा काढा म्हणून एकोणचाळीस हात, ठेवा म्हणून एकतीस. मी दोनदा मोजले.

त्याच संध्याकाळी आणि काल दिवसभर मालकांशी बोलणी झाली. कायम कामगारांना बत्तीसशे, ठेकेदाराच्या माणसांना हजार आणि पगाराची चिठ्ठी, तीन वर्षे कोणाला काढायचे नाही. पण निवृत्त होतील त्यांच्या जागा भरणार नाहीत, आणि मोल्डिंगची नवी लाइन इथे न लावता सीमेपलीकडे लावणार. म्हणजे आज शाळेत असलेल्या कोणाची तरी नोकरी गेली. त्याचे नाव माझ्या तक्त्यात नाही, म्हणून कोणी त्याच्यासाठी हात वर केला नाही. हे मला रुतून बसले आहे.

आमच्या घराचे असे. माझे तेराशे कमी आले, आदर्शचे हजार वाढले. तीनशेचा तोटा. पण त्याचे चौदा हजार राहिले. आईला एवढेच समजले आणि ती म्हणाली, मग तोटा कुठं हाय?

अमरसिंह यांनी पावतीपुस्तक माझ्याकडून काढून घेतले. वर्गणी आता ते स्वतः गोळा करणार. एकतीस जणांपैकी काही काल काट्यावर आले तेव्हा माझ्याशी बोलले नाहीत. हातकणंगल्याला बत्तीसशे कळवले. विचार करून सांगतो म्हणाले.

मामा, तुम्ही पत्राखाली नुसते गुंडू लिहिलेत. तसे पुन्हा लिहू नका.

आपलाच,
ऋतुराज


गारगोटी
दि. २ नोव्हेंबर २०२५

चिरंजीव ऋतुराज यास,
मामाचे पोटभर आशीर्वाद.

चकल्या पाण्यात भिजवून खाल्ल्या.

तुझं पत्र मी मुद्दाम ओसरीवर वाचलं, बयाबाई आल्यावर. सगळं. ती पायरीवर बसून राहिली, म्हैस घरी ओरडत असणार. वाचून झाल्यावर मी ट्रंकेतून पुस्तक आणलं. कागद पिवळा झालाय, पण शाई धरतो. पावती लिहिली. मागची तारीख घालावी असं हातात आलं होतं. तुझी आठवण झाली आणि आजची घातली. बयाबाई, वर्गणी महिने सव्वीस, रुपये बावन्न मिळाले. सही केली.

वर बावन्न रुपये ठेवले, आणि म्हणालो की वर्गणी परत घे. ती उखडली. म्हणाली की पैसं परत घेतलं तर मी सभासद न्हवते असंच हुईल की. नोटा माझ्या मांडीवर टाकल्या. पावती तेवढी घेतली, उलटीसुलटी करून बघितली. तिला वाचता येत नाही, पण आकडा कळतो. शिक्का कुठाय म्हणाली. मी म्हणालो, संघटनेचा शिक्का आता माझ्याकडं नाही. मग तिनं ती चार घड्या करून चंचीत घातली.

मला वाटलं काहीतरी बोलेल. शिव्या देईल तरी. ती बाकीच्या सोळा जणांची नावं सांगायला लागली. आडनावासकट, कोण कुठल्या वाडीचा ते. तिघं वारले, एक गगनबावड्याला हॉटेलात भांडी घासतो, दोघी कुठं आहेत ते तिलाही ठाऊक नाही. माझ्या मनात लिहिलंय म्हणायचो ती नावं तिच्या मनात होती. मी लिहून घेतली. मग तिनं कॅलेंडर पुढं केलं आणि आजची सही मागितली. मी केली.

पुस्तकात दहा पावत्या उरल्यात. माणसं सोळा.

हातकणंगलेकरांना म्हणावं, घाई नाही, आमचा मुलगा कायम आहे.

तुझा,
गुंडूमामा


उचगाव
सोमवार, दि. १० नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप मामांस,
ऋतुराजचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

थोडक्यात लिहितो, टपालाची वेळ होत आली आहे. अमरसिंह यांनी पावतीपुस्तक परत आणून दिले. ऑक्टोबरची बेरीज त्यांना तीन वेळा तीन वेगळी आली. पुस्तक काट्यावर ठेवले आणि म्हणाले की वजन करून घे. बोलले, हे खूप झाले. आदर्शला पहिली पगाराची चिठ्ठी मिळाली. अनुजाने ती पावतीच्या मागे लावली. हातकणंगल्याहून उत्तर नाही. आई रोज विचारते, मी विचारत नाही.

सोबत एक कोरे पावतीपुस्तक पाठवत आहे, साधेच, दुकानातले. गगनबावड्याला जाणार असाल तर एकटे जाऊ नका. येत्या सोमवारी मला सुट्टी आहे. मी सकाळी गारगोटीला येतो, तिथून बरोबर जाऊ. जे वारले त्यांच्या घरी काय लिहायचे ते वाटेत ठरवू.

तुमचा लोभ मला मोजता येत नाही, म्हणून हिशेबात धरलेला नाही. बाकीचा खाली देत आहे.

खर्च:
नारळ ११८, दर रु. ३२ प्रमाणे – रु. ३,७७६
कापूर, उदबत्ती, हळदकुंकू – रु. ४८४
एकूण – रु. ४,२६०. पैकी बेचाळीस जणांकडून रु. १,६८०, बाकी रु. २,५८० संघटनेकडून.
रद्दचा शिक्का, न वापरलेला – रु. १८०, माझ्याकडून
कोरे पावतीपुस्तक – रु. ६०, माझ्याकडून, तुम्ही द्यायचे नाहीत

जमा:
बयाबाईंची वर्गणी – रु. ५२. परत करायची नाही.

देणे:
पावत्या सोळा.

आपला,
ऋतुराज